शाळा आधी आली, बाई मागून आल्या

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत आहे आणि तीत आपल्या भागातील स्त्रीशिक्षणावर मी काही लिहावे, असे संपादक भगिनींनी सांगितले. स्त्रीशिक्षणावर लिहायचे म्हणजे पहिली पदवीधर कोण, पहिली डॉक्टर कोण, अशा पहिलेपणाची यादी द्यायची, अशी एक रीत पडून गेली आहे. त्या सर्व थोर स्त्रियांना वंदन करून मी आज निराळ्याच बाईविषयी लिहिणार आहे. ती म्हणजे गावच्या प्राथमिक शाळेतली बाई. तिचे नाव कोणत्याही यादीत नसते. ती आली कोठून, तिला शिकवायला कोणी शिकवले, आणि आपल्या नांदेड-लातूरकडे यायला तिला इतका उशीर का झाला, हा माझा विषय आहे.

माझे माहेर लातूरकडचे, सासर नांदेडचे. १९७० ते २००८ अशी अडतीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवले. त्यामुळे पुढील मजकुरात थोडे वाचलेले आहे आणि थोडे अनुभवलेले आहे. वाचक भगिनींनी दोन्ही गोड मानून घ्यावे.

शाळा काढणे त्यामानाने सोपे असते. गावाने मनावर घेतले तर एका उन्हाळ्यात चार भिंती उभ्या राहतात. देवळाचा सभामंडप असला तर तेवढेही लागत नाही. पण शिक्षिका एका उन्हाळ्यात तयार होत नाही. आधी ती मुलगी स्वतः शिकलेली हवी, मग तिला शिकवण्याची विद्या मिळायला हवी, आणि मग परक्या गावी राहण्याची सोय हवी. यातली एक कडी तुटली की साखळी तुटली.

हे आपल्याकडील जाणत्या माणसांना फार पूर्वी उमगले होते. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात शिकवायला आरंभ केला हे आपणा सर्वांना पाठ आहे. परंतु शिकवणे हे शिकावे लागते हे ओळखून त्यांनी अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या शाळेत अध्यापनाचे धडे घेतले होते, ही गोष्ट आपण तितकीशी सांगत नाही. पुढे १८७० साली पुण्यात शिक्षिका तयार करण्यासाठी विद्यालय निघाले. १८८२ साली हंटर कमिशन नेमले गेले, तेव्हा पंडिता रमाबाईंनी त्यापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवणाऱ्या स्त्रियांना रीतसर शिक्षण द्यावे, त्यांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, त्यांचा पगार पुरुषांहून अधिक असावा आणि शिकणाऱ्या स्त्रियांना संस्थेच्या आवारातच राहण्याची चांगली सोय असावी, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याच कमिशनला महात्मा फुल्यांनीही निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवणारे मास्तर शेतकऱ्यांतूनच तयार करावेत, त्यांना शिक्षकाचे शिक्षण द्यावे आणि पगार निदान बारा रुपये तरी असावा, असे त्यांचे म्हणणे होते. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले आणि लगोलग १९१७ साली प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिकाशाळा काढली. विद्यापीठ आणि अध्यापिकाशाळा यांत एका वर्षाचेच अंतर होते, यावरून त्यांची दूरदृष्टी कळून येते.

पण हे सर्व घडले ते मुंबई इलाख्यात. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि आपली वाट वेगळी होती.

आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी तहतानिया, वस्तानिया, फौकानिया हे शब्द असत. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मधली आणि फौकानिया म्हणजे हायस्कूल. शिक्षकाला मुदर्रिस म्हणत. पहिल्या इयत्ता मराठीत होत. पुढे मात्र उर्दूचा अंमल सुरू होई. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तेथे सर्व विषय उर्दूतून शिकवले जाऊ लागले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु ज्या मुलीच्या घरात मराठी बोलली जाई तिला तिसरी-चौथीनंतर शाळा परकी होत असे. मुलगा कसाबसा उर्दू शिके, कारण त्याला नोकरी हवी असे. मुलीने ते कशासाठी शिकायचे, असे घरचे विचारत. खासगी शाळा काढायची म्हटली तर सरकारची आगाऊ परवानगी लागे, आणि ती सहजी मिळत नसे.

अशा दिवसांत काही माणसांनी हिमतीने शाळा काढल्या. परभणी भागात जन्मलेले केशवराव कोरटकर व त्यांचे सहकारी यांनी १९०७ साली हैदराबादला विवेकवर्धिनी सुरू केली. १९२१ साली त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. १९३५ साली अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालय निघाले. आपण ज्यांना स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखतो ते संन्यास घेण्यापूर्वी व्यंकटेश खेडगीकर मास्तर होते. आधी हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला त्यांनी शिकवले, आणि १९३८ साली ते सत्याग्रहात उतरले. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचा सेनानी हा मुळात शाळामास्तर होता, ही गोष्ट आपल्या भागाला भूषणावह आहे.

या शाळांतील गुरुजनांनी जे दिले त्याचे ऋण फिटणार नाही. तरीही मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. या शाळा मुख्यतः मुलांच्या होत्या आणि शिकवणारे मुख्यतः पुरुष होते. शिकवण्याची विद्या देणारी, मराठी मुलीला आपल्या जिल्ह्यात राहून शिकता येईल अशी संस्था त्या काळी आपल्याकडे नव्हती. माझ्या सासूबाई सांगत की, नांदेडात एखादी मुलगी हुशार निघाली आणि तिने मास्तरीण व्हावे असे कोणी म्हटले, तर घरात पुण्याचे नाव निघे किंवा हैदराबादचे, आणि नाव निघाले की विषय तेथेच मिटे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर १९५१ साली खानेसुमारी झाली तेव्हा हैदराबाद राज्यात शेकडा दहासुद्धा माणसे साक्षर नव्हती. बायकांचे प्रमाण किती असेल ते ज्याने त्याने समजून घ्यावे. शाळांची भूक मोठी होती. १९५० साली नांदेडला स्वामीजींच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावोगाव शाळा निघाल्या. परंतु इतके शिक्षक आणायचे कोठून? मग जो थोडाफार शिकलेला असेल त्याला नेमायचे आणि सवडीने ट्रेनिंगला पाठवायचे, असे चालले. आमच्या औसा तालुक्यातील गावी १९५६ साली मी शाळेत जाऊ लागले तेव्हा चार इयत्तांना मिळून एकच गुरुजी होते. माणूस देवासारखा, पण ट्रेनिंग झालेले नव्हते. मध्येच ते ट्रेनिंगला गेले आणि तेवढे दिवस शाळेला कुलूप होते.

शाळेत मुली आम्ही तिघीच होतो. मी चौथीत असताना आमच्या गावी सोलापूरकडच्या एक बाई बदलून आल्या. आणि काय आश्चर्य! दिवाळीनंतर शाळेत चौदा मुली दिसू लागल्या. गावात कोणी सभा घेतली नव्हती की दवंडी पिटली नव्हती. "बाई आहेत ना शाळेत, मग जाऊ द्या पोरीला," एवढे एकच वाक्य घरोघर बोलले गेले. बाई एका वाड्यातील माळवदाच्या खोलीत राहत. दोन वर्षांनी वाडेवाल्यांच्या घरी लग्न निघाले, खोली हवी झाली आणि गावात बाईंना दुसरी जागा मिळेना. एकट्या बाईला खोली द्यायला लोक कचरत. बाईंनी बदली करून घेतली. पुढच्या आषाढात शाळेत मुली उरल्या पाच. स्त्रीशिक्षण म्हणजे काय, हे मी पुढे पुस्तकांत पुष्कळ वाचले. पण चौदाच्या पाच कशा झाल्या, हे पाहिल्यावर मला वेगळे पुस्तक लागले नाही.

माझी मावशी तालुक्याच्या गावी होती म्हणून माझी मॅट्रिक झाली. १९६८ साली मी ट्रेनिंगला गेले, ते गाव बस बदलत बदलत दिवसभराच्या अंतरावर होते. तेथे मुलांना वसतिगृह होते, मुलींना नव्हते. आम्ही चौघी जणी एका देवळामागच्या ओवरीत पडदा लावून दोन वर्षे राहिलो. आमच्याबरोबर प्रवेश मिळालेल्या आणखी तिघी जागा पाहूनच परत गेल्या. त्या तिघी हुशारीत आमच्याहून कमी नव्हत्या. त्यांच्या तीन गावांतील मुलींना बाई मिळाल्या नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ आहे. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली सांगितलेली राहण्याची गोष्ट १९६८ सालीही जिथल्या तिथेच होती.

ही अडचण वर कोणाला कळत नव्हती असे मात्र नाही. १९५८ साली भारत सरकारने दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली स्त्रीशिक्षणाची राष्ट्रीय समिती नेमली. तिने १९५९ साली अहवाल दिला आणि त्यात शिक्षिकांची संख्या वाढवण्यावर व खेड्यात त्यांना राहायला घर देण्यावर भर होता. दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्याही अध्यक्षा होत्या. शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढ स्त्रियांना थोड्या काळात परीक्षेस बसवून शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका होण्यायोग्य करावे, यासाठी त्या मंडळाने १९५८ पासून संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले आणि ते चालवण्यास स्वयंसेवी संस्थांना अनुदान दिले. लहान वयात लग्न झालेल्या, विधवा झालेल्या, टाकलेल्या कित्येक बायका या वाटेने आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. म्हणजे भगिनींनो, महिला संस्था हळदीकुंकू आणि सहली करतात असे कोणी हिणवले, तर शिक्षिका घडवण्यातही त्यांचा हात आहे, हे त्याला जरूर सांगावे.

दुसरी मोठी शिकवण मिळाली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडून. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी. गुरे राखायला जातात, तर शाळा कुरणात न्यावी, असा त्यांचा बाणा. मूल का येत नाही हे आधी पाहायचे आणि शाळा त्याप्रमाणे वाकवायची. त्यासाठी लागणाऱ्या बालसेविकाही त्यांनी आपल्याच हाताखाली तयार केल्या.

१९७८ साली मी नांदेड जिल्ह्यातील कंधार भागातील एका गावी होते. हजेरीपट पाहता पाहता माझ्या ध्यानात आले की मुगाची तोडणी, कापसाची वेचणी, ज्वारीची काढणी अशा दिवसांत मुलींची नावे एकदम गळतात. मी एक वही केली आणि कोणती मुलगी कोणत्या दिवशी का आली नाही, हे घरी जाऊन विचारून लिहू लागले. मला वाटले होते मुली शेतात जात असतील. वही भरली तेव्हा दिसले की निम्म्याहून अधिक मुली शेतात जातच नव्हत्या. आई शेतात जाई आणि मुलगी धाकटे भावंड कडेवर घेऊन घरी राही. मग गावातील बायकांनी मारुतीच्या देवळात सकाळची बालवाडी सुरू केली. मोठी बहीण धाकट्याला तेथे सोडी आणि दप्तर घेऊन शाळेत येई. सुगीच्या दिवसांत होणारी गळती त्या वर्षापासून पुष्कळ कमी झाली. याला कृतिसंशोधन म्हणतात, हे मला बऱ्याच वर्षांनी एका शिबिरात कळले.

संशोधन हा शब्द ऐकला की आपल्याला काचेची नळी किंवा जाडजूड प्रबंध आठवतो. शिक्षणातील संशोधन म्हणजे मुळात एवढेच, की मूल शिकत नसेल तर का शिकत नाही हे नीट पाहणे, लिहून ठेवणे आणि उपाय करून पुन्हा पाहणे. डॉ. चित्रा नाईक यांनी हे फार उत्तम करून दाखवले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेमार्फत १९७९ पासून त्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत रात्रीचे वर्ग चालवले. दिवसा काम करणारी मुले तेथे येत आणि त्यांत मुलीच अधिक असत. शिकवणारी माणसे त्याच गावची, फार न शिकलेली. पण त्यांना सतत मार्गदर्शन मिळत असे. मुलांची परीक्षा घ्यायची तर भीती न घालता बालजत्रा भरवत. त्यांच्या संशोधनातून निघालेले उत्तर त्याच गावाला परत मिळत होते.

त्याआधी, १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने एक दुखणे नेमके सांगितले होते. शिक्षक घडवणाऱ्या संस्था विद्यापीठांपासून, शाळांपासून आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत, असे त्याचे निदान होते. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच कोल्हापूरकडील होते. आपल्याकडे १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. लातूर जिल्ह्याची ही संस्था मुरूडला आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ झाले आणि नांदेड, लातूर, परभणी (व पुढे वेगळा झालेला हिंगोली) हे जिल्हे त्याकडे आले. तेथे शिक्षणशास्त्राचे संकुल आहे, लातूरला उपकेंद्र आहे. ज्या भागातील मुलीला शिकवण्याची विद्या घ्यायला पुण्याची वाट धरावी लागे, त्याच भागात आज शिक्षणशास्त्रात डॉक्टर होता येते. ही प्रगती लहान नव्हे. फक्त त्या प्रबंधांतील चार ओळी सोप्या मराठीत ज्या शाळेविषयी लिहिल्या त्या शाळेत पोहोचाव्यात, एवढीच एका जुन्या शिक्षिकेची विनंती आहे.

१९८७ साली खडू-फळा मोहीम आली. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक द्यावा आणि तो शक्यतो स्त्री असावी, असे तीत ठरले. १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना शेकडा तीस जागा राखल्या गेल्या. माझ्या नोकरीच्या शेवटल्या वर्षांत तालुक्याच्या बैठकीत बायकांच्या रांगा दिसू लागल्या, तेव्हा ऊर भरून येई. २०११ च्या खानेसुमारीत आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दर तीन बायकांत साधारण दोघी साक्षर होत्या. आजीच्या पिढीशी ताडून पाहिले तर हे अंतर केवढे, हे सांगायला नको.

परंतु याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. २००० नंतर डी.एड.ची विद्यालये गावोगाव निघाली. मुलगी जवळच शिकेल, दोन वर्षांत नोकरी लागेल, म्हणून शेत गहाण टाकून बापांनी मुलींना प्रवेश मिळवून दिले. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, आरंभी महिना तीन हजारांवर. २०१० च्या पुढे भरती जवळजवळ थांबली, पात्रता परीक्षा आल्या, आणि हातात पदविका असलेल्या हजारो मुली घरी बसल्या. मग प्रवेश रोडावले आणि कित्येक विद्यालयांना कुलपे लागली. आता कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची भाषा निघते. शाळा चार मैलांवर गेली तर मुलगा सायकलने जाईल; मुलीचे काय होईल, ते माझ्या गावी चौदाच्या पाच झाल्या त्यावरून ओळखावे. एके काळी शाळा होत्या आणि शिकलेली बाई नव्हती. पुढे शिकलेल्या बाया झाल्या आणि त्यांना शाळा मिळेनात. आजार दिसायला उलटा, पण कारण तेच आहे. शाळा, शिक्षिका आणि तिचे राहणे यांचा एकत्र हिशेब कोणी मांडला नाही.

हा हिशेब सरकारने मांडावा, हे खरेच. पण आपल्याला काय करता येईल, हेही पाहू. आपल्या गल्ल्यांतून कितीतरी सेवानिवृत्त शिक्षिका आहेत. कोणी ट्रेनिंगच्या वेळी कोठे राहिल्या, पहिल्या गावी खोली कशी मिळाली, मुली कशाने आल्या आणि कशाने गेल्या, हे त्यांच्याजवळ आहे आणि कोठेही लिहिलेले नाही. त्यांतील काही आताशा फार थकल्या आहेत. मंडळाने एक जाड वही घ्यावी आणि दर महिन्याच्या सभेत एका बाईंची हकीकत लिहून घ्यावी. वर्षभराने त्या वहीची प्रत विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संकुलाला द्यावी. दुसरे असे की, परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी, शिक्षणासाठी खेड्यातून नांदेडला येणाऱ्या मुलीला उतरायला जागा नसते. मंडळाच्या मागच्या खोलीत सध्या जुन्या सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्या आहेत. ती खोली झाडून दोन खाटा टाकल्या, तर दोघी मुलींची सोय होईल. पहिल्या खाटेचा खर्च माझ्याकडे.